सातारचे डोंगर माथ्यावर सपाट का?

खंबाटकी उतरून साताऱ्याकडे येताना दोन्ही अंगांना डोंगर लागतात आणि त्यात टोकदार असा जवळजवळ एकही नसतो. वैराटगड, चंदन-वंदनची जोडी, शहराच्या डोक्यावरचा अजिंक्यतारा, पलीकडे सज्जनगड, सगळ्यांचे माथे सपाट. शाळेत चित्रकलेच्या वहीत आपण दोन त्रिकोण काढायचो आणि मधून सूर्य उगवायचा. तसला डोंगर साताऱ्याच्या पोरांनी खिडकीतून कधी पाहिलेला नसतो, तरी काढताना त्रिकोणच काढतात. गड बांधणाऱ्यांच्या मात्र ही सपाटी चांगलीच पथ्यावर पडली. वर वस्तीला जागा आणि भोवती उभा कडा, म्हणजे अर्धी तटबंदी आयतीच मिळाली.

श्रावण-भाद्रपदात हे डोंगर जरा निरखून बघा. उतारावर आडवे पट्टे दिसतात. काळा उभा कडा, त्यावर गवताची हिरवी पट्टी, पुन्हा काळा कडा, पुन्हा हिरवी पट्टी. समोरच्या डोंगरावर नजर टाकली तर तिथेही तेच पट्टे, आणि बऱ्याचदा त्याच पातळीला. मधे दरी आहे, दरीत गाव आहे, ऊस आहे, नदी आहे, पण पट्टा अलीकडून पलीकडे जुळतो. म्हणजे मधली दरी नव्हती तेव्हा हा थर सलग होता.

सगळी गोम इथेच आहे. साताऱ्याचे डोंगर कुणी खालून वर रेटलेले नाहीत. आज जिथे वाई आहे, मेढा आहे, सातारा शहर आहे, तिथे एकेकाळी या माथ्यांच्या उंचीपर्यंत आणि त्याच्याही वर भरीव दगड होता. पाण्याने तो कोरून नेला आणि नेता नेता जे मागे राहिलं त्याला आपण डोंगर म्हणतो. हिमालयाची गोष्ट वेगळी. तिथे दोन भूखंडांची टक्कर झाली, थर दुमडले आणि वर आले. आपल्याकडे थर अजून जवळपास आडवेच पडून आहेत.

मग हा एवढा दगड आला कुठून आणि गेला कुठे, हे दोनच प्रश्न उरतात. त्यांची उत्तरं द्यायला पृथ्वीच्या पोटापासून सांगलीच्या पुरापर्यंत जावं लागतं.

घाटातली भिंत

वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट बहुतेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिलेला असतो. रस्त्यासाठी कापलेली डोंगराची बाजू जवळून बघितली तर तिच्यात एक क्रम सापडतो. खाली गडद काळा, घट्ट दगड, त्याला उभ्या भेगा. वर गेलं की त्याच दगडाला बारीक-मोठी छिद्रं दिसू लागतात आणि त्या छिद्रांत पांढरे, कधी हिरवट खडे बसलेले असतात. त्यावर काही ठिकाणी विटकरी रंगाचा तांबडा पट्टा, कुठे वीतभर तर कुठे चांगला हात-दोन हात. मग पुन्हा काळा घट्ट दगड. घाट चढत जाल तसं हेच पुन्हा पुन्हा.

असा एक क्रम म्हणजे लाव्हाचा एक लोट. लोट पसरला की वरून आणि खालून आधी निवतो, मधला भाग सावकाश. आतला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतो आणि वरचा थर थिजला की तिथेच अडकतो, म्हणून वरचा भाग छिद्रांचा. मधला भाग सावकाश निवताना आक्रसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. पुढे लाखो वर्षं त्या छिद्रांतून पाणी झिरपतं आणि झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्‌झ अशी खनिजं त्यात जमा होतात. पर्यटनाच्या ठिकाणी टपरीवर चमकणारे स्फटिक विकायला ठेवलेले असतात ते हेच.

तांबडा पट्टा मला सगळ्यांत बोलका वाटतो. एक लोट थिजल्यावर दुसरा यायला वेळ लागला. मधल्या काळात ऊन-पावसाने वरचा दगड कुजून माती झाली, कधी त्यावर ज्वालामुखीची राखही बसली. मग पुढचा लाव्हा त्यावर आला आणि त्याने ती माती भाजली. काळा दगड म्हणजे लाव्हा वाहिल्याचा पुरावा, आणि तांबडा पट्टा म्हणजे तो वाहायचा थांबल्याचा.

हे सगळं विहीर खणणाऱ्या माणसाला पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मांजऱ्या म्हणजे तो पांढऱ्या ठिपक्यांचा, त्यामानाने मऊ दगड. पाणी साठतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि दोन लोटांच्या सांध्यात. अखंड काळ्या पाषाणात भेग नसेल तर तिथे पाण्याचा टिपूसही नसतो. शेजाऱ्याच्या विहिरीला चैत्रातही पाणी आणि आपली माघातच कोरडी, याचं कारण अनेकदा एवढंच असतं की त्याच्या विहिरीने सांधा गाठला आणि आपली पाषाणात अडकली. तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून पाचशे फूट बोअर मारण्याआधी गावातल्या चार विहिरींचे थर बघून घेतले तर पैसे वाचतील, हे माझं मत. पाणाड्यांना ते पटणार नाही.

जगभरच्या भूशास्त्रज्ञांना आपली ही गावं तोंडपाठ आहेत, हे आपल्याला फारसं माहीत नसतं. दख्खनच्या लाव्हाथरांचे गट पाडले तेव्हा त्यांना जवळच्या गावांची आणि घाटांची नावं दिली गेली. सगळ्यांत वरच्या गटाचं नाव वाई. त्यात पोलादपूर, त्यावर आंबेनळी, त्यावर महाबळेश्वर. आंबेनळी म्हणजे महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा तोच घाट, जिथे पावसाळ्यात दरड कोसळली की वाहतूक बंद झाल्याची बातमी येते.

तोंड नसलेला ज्वालामुखी

या लाव्हाचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. आज तो जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, पूर्वी याहून जास्त होता. महाबळेश्वरच्या बाजूला एकावर एक साचलेल्या थरांची उघडी जाडी हजार-बाराशे मीटर भरते. यातला मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळातच बाहेर आला असावा, असं खडकांच्या वयावरून दिसतं. आपल्या हिशेबाने ते फार वाटेल, पण पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं आहे. त्या मानाने ही घाईगर्दीच.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. पाचगणीचं टेबललँड किंवा महाबळेश्वर हेच ज्वालामुखीचं तोंड होतं, असं तिथे अनेकदा छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं काही नाही. हा लाव्हा शंकूच्या डोंगरातून उसळला नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून तो वर आला. बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा, लाव्हा पातळ असतो, दूरवर वाहत जातो, म्हणून त्याचे सपाट थर झाले. किती दूर? आंध्रात राजमहेंद्रीजवळ लाव्हाचे थर आहेत आणि त्यांची रासायनिक घडण आपल्या आंबेनळी-महाबळेश्वरच्या थरांशी जुळते. मधलं अंतर सुमारे हजार किलोमीटर. त्या काळच्या नद्यांच्या खोऱ्यांतून तो तिथवर पोचला असावा, असं अभ्यासक मानतात.

डायनोसॉर याच सुमाराला संपले. मेक्सिकोत उल्का आदळली तीही याच वेळी. दोघांपैकी दोष कुणाचा जास्त, यावर शास्त्रज्ञांचं भांडण अजून चालू आहे.

खाली लाव्हाचा समुद्र नाही

पृथ्वीच्या पोटात उकळता लाव्हा भरलेला आहे आणि वर आपण पातळशा कवचावर उभे आहोत, असं पुष्कळ जणांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. खरी रचना वेगळी आहे.

पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. सगळ्यांत वर कवच, आपल्या भागात साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड. त्याखाली प्रावरण, ते थेट २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत. त्याखाली गाभा, मुख्यतः लोखंडाचा आणि थोड्या निकेलचा. गाभ्याचा बाहेरचा भाग द्रव आहे. ५,१५० किलोमीटरच्या खाली आतला गाभा पुन्हा घन. तिथलं तापमान पाच हजार अंशांच्या वर आहे, पण वरून दाबच एवढा की लोखंडाला वितळायला वाव नाही.

प्रावरण दगडाचं आहे, घन आहे. तरीही ते वाहतं, वर्षाला काही सेंटिमीटर. हे पटायला जड जातं. ज्याने गुऱ्हाळाशेजारच्या गोदामात गुळाच्या ढेपा रचलेल्या पाहिल्या आहेत त्याला पटेल. ढेप हातोडीने फोडली तर तुकडे होतात, पण तीच ढेप पावसाळाभर थप्पीच्या तळाला दबून राहिली की आपोआप पसरते. दगडाचंही तसंच. झटका दिला की तो मोडतो आणि उष्णता, दाब आणि लाखो वर्षांची सवड दिली की वाहतो.

मग लाव्हा तयार होतो कुठे? प्रावरणातला अतिशय तापलेला दगड सावकाश वर चढतो. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होत जातो. आणि दाब कमी झाला की तोच दगड, त्याच तापमानाला, थोडाथोडा वितळू लागतो. आच वाढवावी लागत नाही, ओझं उतरलं की पुरतं. दख्खनच्या खाली असा तप्त दगडाचा मोठा स्तंभ वर आला होता, असं मानलं जातं. तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही जागा आहे. स्तंभ जवळपास जागच्या जागी राहिला. भारत त्याच्यावरून सरकत उत्तरेला आला.

हे ऐकून ‘कशावरून?’ असं कुणी विचारलं तर ते योग्यच आहे. पुरावा साताऱ्याच्या दगडातच आहे. बाहेरच्या गाभ्यातलं द्रव लोखंड खळबळत असतं आणि त्यातून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. लाव्हा निवताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या चुंबकीय दिशेनुसार चुंबकित होतात आणि दगड थिजला की ती दिशा कायमची कोंडली जाते. चुंबकीय रेषा विषुववृत्तापाशी आडव्या असतात, ध्रुवांकडे जाताना तिरप्या होत होत उभ्या होतात. म्हणून दगडातल्या दिशेचा तिरपेपणा मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर जन्मला ते कळतं. दख्खनचे नमुने १९५० च्या दशकात असे मोजले गेले आणि उत्तर आलं विषुववृत्ताच्या दक्षिणेचं, पार वीस-तीस अंश खालचं. सातारा आज उत्तर अक्षांश साडेसतरावर आहे. खंड सरकतात ही कल्पना तेव्हा अनेक मोठ्या शास्त्रज्ञांना वेडगळ वाटत होती. तिला बळ देणाऱ्या पुराव्यांत आपला काळा पाषाणही होता.

त्याच दगडात आणखी एक गंमत आहे. महाबळेश्वरच्या डोंगरातल्या बहुतेक थरांत चुंबकीय दिशा आजच्या उलट आहे, होकायंत्राची उत्तर टोकाची सुई दक्षिण दाखवेल अशी. अगदी वरच्या थरांत ती पुन्हा आजच्यासारखी होते. डोंगर तयार होत असताना पृथ्वीच्या चुंबकाने कूस बदलली आणि ती घटना थरांत नोंदली गेली. २,९०० किलोमीटर खोलवर जे घडलं त्याची नोंद आपल्या घाटरस्त्याच्या कडेला आहे.

कोयनेचा दगड

पोटातली रचना आपण प्रत्यक्ष जाऊन पाहिलेली नाही. माणसाने खणलेलं सगळ्यांत खोल भोक रशियात कोला इथे आहे, १२,२६२ मीटर. कवचाचाही निम्मा भाग ते ओलांडत नाही. बाकीचं सगळं ज्ञान आलं ते मुख्यतः भूकंपांच्या लहरींतून. यातला एक मोठा धागा भारतातला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदी अभ्यासल्या आणि भूकंपाच्या लहरी वेगवेगळ्या जातींच्या असतात हे दाखवलं. काही लहरी दगड पुढे-मागे दाबत जातात, काही आडव्या हलवत जातात. १९०६ मध्ये त्यांनीच या लहरींच्या वेळांवरून पृथ्वीला गाभा असल्याचं मांडलं. आडव्या हलवणाऱ्या लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत. त्या गाभ्यात शिरून पलीकडे निघत नाहीत, म्हणून बाहेरचा गाभा द्रव आहे हे पुढे ठरलं. आतला घन गाभा १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंग लेहमान यांनी अशाच नोंदींतून शोधला.

सातारा जिल्ह्याला भूकंप वेगळा शिकवावा लागत नाही. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरलं. तीव्रता ६.३. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, घरं जमीनदोस्त झाली. तोवर दख्खनचं पठार म्हणजे भूकंपापासून निर्धोक, अशी समजूत होती.

धरणात पाणी अडवायला १९६२ च्या सुमारास सुरुवात झाली आणि त्यानंतर लहान धक्के जाणवू लागले होते. त्यामुळे ‘धरणाने भूकंप केला’ असं आजही म्हटलं जातं. हे अर्धं खरं आहे. भारताचं भूखंड आशियाला अजूनही रेटतंय, वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर. त्याचा ताण हिमालयापासून इतक्या दूर कोयनेच्या दगडातही साठलेला आहे आणि तिथे जुने भ्रंश, म्हणजे दगडातल्या सरकू शकणाऱ्या मोठ्या फटी, आधीपासून आहेत. जलाशयाचं पाणी त्या फटींत खोलवर झिरपतं, दोन बाजूंच्या दगडांमध्ये दाब तयार करतं आणि एकमेकांना घट्ट धरून बसलेल्या बाजू सैल होतात. ताण आधीपासून तयार होता, पाण्याने त्याला वाट दिली. पाणी नसतं तर तो धक्का कधीतरी आला असता, पण केव्हा, याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही.

१९६७ नंतर त्या छोट्या पट्ट्यात ५ किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे वीसहून अधिक भूकंप झाले. पुढे वारणेचं चांदोली धरण भरल्यावर धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडेही सरकला. जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपांचा अभ्यास करायला जगात कोयनेइतकी चांगली जागा क्वचितच असेल. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची त्यासाठीची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. कोयना परिसरात गोठणे इथे २०१७ पर्यंत ३ किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. त्यातून जे वर आलं ते माझ्या मते या जिल्ह्याबद्दलच्या सगळ्यांत थरारक माहितीपैकी आहे. साधारण सव्वा किलोमीटरवर काळा पाषाण संपला. मधे वाळू नाही, गाळ नाही, एकदम ग्रॅनाइटसारखा जुनापुराणा खडक, वय अडीचशे कोटी वर्षांहून जास्त. लाव्हा आला तेव्हा साताऱ्याची जमीन म्हणजे असा उघडाबोडका खडक होता. भूकंप होतात ते मुख्यतः या तळखडकात, लाव्हात नव्हे.

दगड गेला कुठे

दख्खनचा लाव्हा साचला त्याच सुमारास भारताच्या पश्चिम कडेपासून सेशेल्सचा (आज हिंदी महासागरातली बेटं) तुकडा तुटून वेगळा झाला. पश्चिमेकडची जमीन खाली बसली, पूर्वेकडची कडा उंच राहिली. तिलाच आपण सह्याद्री म्हणतो. कोकणातून बघितलं तर तो भिंतीसारखा उभा दिसतो आणि साताऱ्याकडून बघितलं तर नुसता उतरत जाणारा प्रदेश, ते यामुळे. महाबळेश्वरच्या एकाच देवळातून उगम मानलेल्या नद्यांपैकी सावित्री पश्चिमेला कोसळते आणि थोडक्यात समुद्राला मिळते. कृष्णेच्या उगमापासून अरबी समुद्र अवघ्या ६४ किलोमीटरवर, पण ती पाठ फिरवते आणि १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते.

या नद्यांनी दगड कापला कसा? पट्ट्यांकडे परत बघा. लोटाचा वरचा छिद्रांचा भाग आणि तांबडी माती मऊ, ती आधी झिजते. मधला घट्ट दगड झिजत नाही, पण खालचा आधार गेला की उभ्या भेगांपाशी तुटून धाडकन खाली येतो. म्हणून कडा मागे मागे सरकतो आणि सरकतानाही उभाच राहतो. माथ्यावर घट्ट थर शिल्लक आहे तोवर माथा सपाटच. ठोसेघरचा धबधबाही अशाच घट्ट थराच्या काठावरून उडी घेतो.

पावसाची वाटणी इथे कमालीची विषम आहे. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. त्यामुळे एकच दगड दोन ठिकाणी दोन वाटांनी कुजतो. जिथे पाऊस बेताचा, तिथे बेसाल्टची चिकणमाती होते, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की आक्रसणारी. हीच आपली काळी जमीन. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मिरज-तासगावकडे घर बांधताना पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो तो तिच्यामुळेच, नाहीतर दुसऱ्याच पावसाळ्यात भिंती तडकतात.

जिथे पाऊस धो धो, तिथे दगडातली सिलिका, चुना, सोडियम सगळं धुऊन जातं आणि मागे उरतं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. तो जांभा. कास पठार, महाबळेश्वर, टेबललँड, सगळ्यांच्या माथ्यावर त्याचंच झाकण आहे आणि या सर्वांत उंच माथ्यांचा सपाटपणा त्याने राखला आहे. कासवर माती बोटभर, अन्नद्रव्यं जवळजवळ नाहीत, पावसात पाणी तुंबून राहतं. झाडं तिथे उभी राहू शकत नाहीत, म्हणून तर फुलांना मोकळं रान मिळतं. सीतेची आसवे हे नाजूक निळं-जांभळं फूल बारीक किडे पकडून खातं, कारण जमिनीत खायला काही नाही. २०१२ मध्ये कासचा समावेश पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत झाला आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी तिथे किड्यांपेक्षा गाड्या जास्त असतात.

कापलेला दगड गाळ होऊन खाली येतो. कृष्णा महाबळेश्वरच्या तेराशे-चौदाशे मीटरवरून वाईला सातशेवर उतरते, तेही थोड्याशा अंतरात. पुढे कराडला कोयना मिळते आणि तिथून सांगलीपर्यंत उतार फारच थोडा उरतो. वेग मंदावला की नदी वळणं घेते आणि ओझं टाकते. सांगलीच्या आसपासची सुपीक मळी तिनेच पूर आणून आणून घातलेली आहे. हरिपूरला वारणा येऊन मिळते. वरच्या घाटमाथ्यावरचा सगळा पाऊस एकाच वेळी या संथ भागात पोचला की सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या पाणीपातळीच्या खुणेकडे सगळ्या शहराचे डोळे लागतात. २००५, २०१९, २०२१. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा आणि वरच्या धरणांच्या विसर्गाचा वाद आहे आणि तो महत्त्वाचाही आहे, पण पूरपट्टा त्या वादाच्या कितीतरी आधीचा आहे.

पट्टीवरची गावं

दोन कड्यांमधली ती हिरवी पट्टी रिकामी नसते. पाटण-जावळीकडे वाड्या-वस्त्या नेमक्या तिथेच वसलेल्या आहेत. कुजलेल्या मऊ थराची माती तिथे साचते, नाचणी-भाताचं खाचर करता येतं. आणि झरा असतो. वरून झिरपलेलं पाणी खालच्या अखंड पाषाणाला अडतं आणि सांध्यातून आडवं बाहेर पडतं. वस्ती झऱ्यापाशी होते.

भर पावसात हाच सांधा घातक ठरतो. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी घरांवर आल्या आणि माणसं गाडली गेली. होतं असं, की मुरूम आणि माती पाण्याने जड होते, खालचा पाषाण पाणी पुढे सोडत नाही, सांध्यावर पाण्याचा दाब वाढतो आणि वरचा सगळा थर एकदम सुटतो. उताराचा पायथा रस्त्यासाठी किंवा घरासाठी कापलेला असेल तर आधारही गेलेला असतो. जेसीबीने दोन दिवसांत जेवढा उतार उभा कापला जातो तेवढा कापायला ओढ्याला काही हजार वर्षं लागली असती, आणि त्या सवडीत त्याने उतार मोडून पुन्हा बसवलाही असता.

दरड अनेकदा आधी खुणा देते. घरावरच्या बाजूला जमिनीला अर्धगोल भेग पडते आणि रोज रुंदावते. सरळ उभी झाडं, विजेचे खांब कलू लागतात. दारं-खिडक्या अचानक घट्ट बसतात. नितळ झऱ्याला गढूळ पाणी येतं, किंवा कधी नव्हे तिथे नवा झरा फुटतो. सगळ्यांत वाईट खूण म्हणजे वर धो धो पाऊस चालू असताना गावाजवळचा ओढा एकाएकी आटणं. वर कुठेतरी दरडीने ओढा अडवलेला असतो आणि साठलेलं पाणी तो बांध फोडून कधीही येऊ शकतं. अशा वेळी ओढ्याकाठी बघायला जायचं नसतं. उताराच्या आणि ओढ्याच्या वाटेतून बाजूला, आडव्या दिशेने निघायचं असतं, आणि रात्र असली तरी शेजारपाजाऱ्यांना उठवायचं असतं.